भाषेची अडचण कुणाची?

‘भाषेची अडचण होती’ हे वाक्य दवाखान्यात कोण उच्चारते, याकडे एकदा लक्ष देऊन पाहा. दुखणे घेऊन आलेली बाई ते उच्चारत नाही. तिला काय होते आहे, कधीपासून होते आहे, हे तिच्या भाषेत तिला पक्के ठाऊक असते. हे वाक्य डॉक्टरच्या तोंडी असते, अधिकाऱ्याच्या अहवालात असते आणि प्रकरण कोर्टात गेलेच तर न्यायाधीशाच्या निकालपत्रातही असते. एकदा ते उच्चारले की सगळे मोकळे होतात. दोष कुणाचाच उरत नाही. उरलाच तर तो त्या बाईचा, की तिला साहेबांची भाषा येत नाही.

आमचा या वाक्यावर आक्षेप आहे. तो आम्ही कॅलिफोर्नियातल्या एका दवाखान्याच्या निमित्ताने मांडणार आहोत, कारण भाषेची खरीखुरी अडचण म्हणजे काय आणि ती कुणी सोडवायची असते, हे तिथे उघड दिसले.

२०२४च्या एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमांसाठी आम्ही दोघी कार्यकर्त्या बे एरियात होतो. ज्या घरी उतरलो होतो तिथे विदर्भातल्या एक मावशी मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या. पाळी जाऊन सहा वर्षे झालेली, आणि चार महिन्यांपासून पुन्हा अंगावर लाल जात होते. गावाकडच्या खासगी डॉक्टरने दोन मिनिटांत निकाल दिला होता, ‘पिशवी खराब झाली, काढून टाका.’ का खराब झाली, कशावरून कळले, काढली नाही तर काय होईल, यातले काही नाही. मावशींनी काही काढले नाही, विमानात बसल्या. मुलाला हे सांगायची लाज, सुनेला विचारायची लाज. आम्ही पोहोचलो तेव्हा तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना त्या आमच्याजवळ बोलल्या.

मग सल्ले सुरू झाले. कुणी म्हणाले, इथे डॉक्टरची पायरी चढलात तर दिवाळे निघेल, तिकीट काढून परत पाठवा. पैशाची भीती खोटी नव्हती, तिच्याबद्दल पुढे बोलू. कुणी म्हणाले, त्यांना इंग्रजी येत नाही, तिथे जाऊन करणार काय? आणि एकीने अगदी प्रेमाने सुचवले की आपल्या मंडळात एक मराठी स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत, त्यांना फोन करू, ‘आपल्या माणसाला’ सगळे मोकळेपणी सांगता येईल.

इथे थोडे थांबायला हवे. मावशींच्या मुलाने ऑफिसात आपली जात कुणाला सांगितलेली नाही. सिलिकॉन व्हॅलीत आडनाव विचारून झाल्यावर ‘मूळचे कुठले?’, ‘घरी कोणते देव?’ असे प्रश्न कसे येतात, हे आपल्या मुलांना विचारा. २०२३ साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने जातिभेदाला स्पष्ट मनाई करणारे विधेयक मंजूर केले, तेव्हा त्याला विरोध करायला कोण कोण उभे राहिले आणि शेवटी गव्हर्नरांनी ते नकाराधिकार वापरून कसे बाजूला सारले, हे सगळ्यांनी पाहिले. अशा ठिकाणी ‘आपले माणूस’ म्हणजे कुणाचे माणूस? आजाराची गोष्ट मंडळाच्या हळदीकुंकवापर्यंत जाणार नाही, आणि आजाराबरोबर जातही जाणार नाही, याची हमी कोण देणार? ‘भाषा एक म्हणजे माणूस आपले’ हे गृहीतक ज्यांना जातीचा चटका बसलेला नाही त्यांनाच परवडते.

आम्ही मावशींना घेऊन जवळच्या एका सामुदायिक स्त्री-आरोग्य केंद्रात गेलो. उत्पन्न पाहून फी घेणारे केंद्र. खिडकीवरच्या मुलीने एक कार्ड पुढे केले. त्यावर वीसेक भाषांत एकच ओळ छापलेली, ‘मी ही भाषा बोलते’. ज्या ओळीवर बोट ठेवाल ती तुमची भाषा. मराठी त्यात नव्हती. मुलीने हिंदीवर बोट ठेवून पाहिले. मावशी आमच्याकडे वळून म्हणाल्या, ‘हिंदीत भाजी घेता येते बाई, हे सांगता येत नाही.’ आम्ही ते इंग्रजीत सांगितले. मुलगी हसली नाही आणि वैतागलीही नाही. तिने फोन उचलला, कुठल्याशा दुभाषी सेवेला ‘मराठी’ हा शब्द दोनदा सांगितला आणि आम्हाला थांबायला सांगितले. वीस मिनिटे लागली.

आत बोलावले तेव्हा मुलगाही उठला. नर्सने त्याला बाहेर बसायला सांगितले. तो म्हणाला, मी आईचे भाषांतर करतो. ती म्हणाली, तुम्ही मुलगा आहात, दुभाषी नाही. बरोबर कुणी हवे का, हे तिने मावशींनाच विचारले, तेही दुभाष्यामार्फत. मावशींनी आमच्यापैकी एकीचा हात धरला. मुलाला राग आला. साहजिक आहे. पण त्याने स्वतःला विचारावे, की आईच्या अंगावरून काय जाते, मिठी-संबंध कधीपासून बंद आहेत, कधी गर्भ पाडला होता का, हे प्रश्न तो आईला कसे विचारणार होता? आणि आई काय उत्तर देणार होती? घरचा माणूस दुभाषी झाला की बाईचे अर्धे दुखणे वाटेतच गाळले जाते. शिवाय त्या खोलीत प्रत्येक बाईला एक ठरलेला प्रश्न विचारतात, घरात कुणाची भीती वाटते का, कुणी हात उगारते का? नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या, स्वतःचे बँक खातेही नसलेल्या सुनेला हा प्रश्न नवऱ्याच्याच तोंडून विचारला गेला, तर ती काय सांगणार?

टेबलावरच्या फोनमधून आवाज आला. दुभाषी बाईंनी आधी आपला नंबर सांगितला, मग नमस्कार म्हणाल्या. नाव नाही, आडनाव नाही, गाव नाही. नंबर. त्यांनाही मावशींचे आडनाव कळायची गरज नव्हती. दोन मराठी बायका एकमेकींची जात न चाचपता अर्धा तास बोलल्या, हे दृश्य महाराष्ट्रात आम्ही किती वेळा पाहिले आहे, याचा हिशोब करायला बोटेही लागणार नाहीत.

तरी जात भाषेतून डोकावलीच. दुभाषी बाईंनी विचारले, ‘विटाळ कधी गेला?’ मावशींनी मान वर केली. ‘आमच्या घरी विटाळ नाही. पाळी म्हणा.’ पलीकडे क्षणभर शांतता. मग आवाज आला, ‘बरं, पाळी कधी गेली?’ आणि पुढे अर्धा तास पाळीच चालली. १९५६ साली मावशींच्या आईवडिलांनी नागपूरला दीक्षा घेतली. विटाळ हा शब्द त्या घराने उंबऱ्याबाहेर टाकला. ज्या शब्दाने पाणवठा बंद केला, त्याच शब्दाने बाईचे शरीरही अस्पृश्य केले होते, हे त्यांना कुठल्या पुस्तकातून शिकावे लागले नाही. नर्सला या चकमकीतले काही कळले नसेल. पण ती थांबली, घाई केली नाही.

पुढचे महत्त्वाचे. नर्सने सांगितले की पाळी गेल्यावर असा रक्तस्राव झाला तर त्याची तपासणी करावीच लागते. कारण साधे असू शकते, कॅन्सरही असू शकतो. गर्भाशयाच्या अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवायचा. पिशवी काढायची की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा. संमतीचा कागद ओळीओळीने मराठीत वाचून दाखवला. मावशींनी तीन प्रश्न विचारले. दुखेल का, किती पैसे, आणि नको म्हटले तर तुम्ही रागवाल का? तिसऱ्या प्रश्नावर नर्सने खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाली, नाही. मावशी म्हणाल्या, ‘मग आज नको. विचार करून गुरुवारी सांगते.’ गुरुवारची वेळ मिळाली. गुरुवारी त्या स्वतः गेल्या, तुकडा काढू दिला. अहवाल काय आला हा त्यांचा खासगी मामला, तो आम्ही इथे लिहिणार नाही.

एवढे वाचून कुणी म्हणेल, बघा, अमेरिका किती सुधारलेली! थांबा. तो फोन अमेरिकेच्या चांगुलपणातून टेबलावर आलेला नाही.

त्याच कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसच्या मोठ्या सरकारी इस्पितळात, १९७०च्या आसपास मेक्सिकन वंशाच्या गरीब बायका बाळंतपणाला येत. त्यांची भाषा स्पॅनिश. ऐन कळांमध्ये, सिझेरियनला नेता नेता, त्यांच्या हातात इंग्रजी कागद दिले जात. सही करा, मग दुखणे थांबेल. त्या कागदांवर नसबंदीची संमती होती. आपल्याला आता कधीच मूल होणार नाही, हे काहींना पुढे केव्हातरी कळले. तिथल्याच बर्नार्ड रोझेनफेल्ड नावाच्या एका तरुण डॉक्टरने हे बाहेर काढले. १९७५ साली डोलोरेस माद्रिगल आणि आणखी नऊ जणी डॉक्टरांविरुद्ध कोर्टात गेल्या. अँटोनिया हर्नांडेझ ही तरुण वकील त्यांच्या बाजूने उभी राहिली. १९७८मध्ये निकाल लागला. बायका हरल्या. न्यायाधीश जेसी कर्टिस यांनी म्हटले ते थोडक्यात असे, की डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातला संवाद तुटला, डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता. शिवाय या बायकांना इतके दुःख झाले ते त्यांच्या संस्कृतीत मुलांना फार महत्त्व म्हणून, डॉक्टरांना ते कसे कळणार?

आहे ना ओळखीचे? भाषा तुमची, संस्कृती तुमची, म्हणून गुन्हाही तुमचाच.

भाषा खरोखर आडवी आली असती, तर भाषा एक असलेल्या ठिकाणी असे घडायला नको होते. पण १९७३ साली अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात रेल्फ कुटुंबातल्या दोन काळ्या मुलींची, एक चौदा वर्षांची आणि एक बाराची, नसबंदी झाली. सरकारी पैशाने चालणाऱ्या केंद्रात. आईला वाचता येत नव्हते, तिने कागदावर फुली मारली. तिला वाटले, मुलींना नेहमीची इंजेक्शने द्यायची आहेत. आई इंग्रजी बोलत होती, नर्सही इंग्रजीच बोलत होती. दुभाष्याची गरज नव्हती. गरज होती ती समोरची काळी, गरीब बाई ही सांगण्याच्या लायकीची आहे, असे मानण्याची.

नसबंदीला किंवा संततिनियमनाला आमचा विरोध आहे, असा अर्थ कुणी काढू नये. १९३८ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला होता. पी. जे. रोहम यांनी तो मांडला आणि तो फेटाळला गेला. त्या भूमिकेच्या मुळाशी बाईची इच्छा होती. तिची इच्छा काढून घेतली की उरते ते निव्वळ जनावरांच्या कळपाचे व्यवस्थापन.

माद्रिगल हरल्या, पण रेल्फ प्रकरण, माद्रिगल प्रकरण आणि रस्त्यावरची आंदोलने यांच्या दबावाने १९७८च्या अखेरीस अमेरिकन सरकारला सरकारी पैशातून होणाऱ्या नसबंदीचे नियम बदलावे लागले. संमती बाईला समजणाऱ्या भाषेत, गरज असेल तिथे दुभाषी, कळा सुरू असताना सही घ्यायची नाही, सही आणि शस्त्रक्रिया यांत ३० दिवसांचे अंतर. लॉस एंजेलिस काउंटीने माफी मागितली ती २०१८ साली, म्हणजे निकालानंतर ४० वर्षांनी.

दुभाष्याचा फोन मात्र त्याहून जुन्या झाडाचे फळ आहे. काळ्यांच्या लढ्यातून १९६४चा नागरी हक्क कायदा आला. त्याचे सहावे प्रकरण सांगते, की सरकारी पैसा घेणाऱ्या कुणालाही वंश, रंग किंवा मूळ देश यांवरून भेदभाव करता येणार नाही. दक्षिणेतली इस्पितळे काळ्यांना वेगळ्या वॉर्डात ठेवत. १९६६ साली ‘मेडिकेअर’चा पैसा आला आणि अट पडली, वॉर्ड एक करा नाहीतर पैसा विसरा. शतकभर जे ‘परंपरा’ म्हणून चालले होते, ते हजारो इस्पितळांत काही महिन्यांत थांबले. मनपरिवर्तनाची वाट पाहावी लागली नाही. पुढे १९७४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मुलांच्या खटल्यात, लाउ विरुद्ध निकोल्समध्ये, सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की न समजणाऱ्या भाषेत शिकवणे हाही भेदभावच. ते तत्त्व शाळेतून दवाखान्यात गेले. २००० साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी भाषा-सुविधेचा आदेश काढला. २०१०च्या आरोग्य कायद्याने आणि त्याखालच्या २०१६च्या नियमांनी पात्र दुभाषी देणे बंधनकारक केले आणि लहान मुलांना आईबापांचे दुभाषी म्हणून वापरण्यावर बंदी आणली, निकडीचा प्रसंग सोडून. मावशींच्या मुलाला बाहेर बसवणारी नर्स या साखळीच्या शेवटी उभी होती.

आणि ही साखळी तोडणारेही आहेत. १ मार्च २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी इंग्रजी ही अमेरिकेची अधिकृत भाषा असल्याचा आदेश काढला आणि क्लिंटन यांचा २००० सालचा आदेश रद्द केला. १९६४चा कायदा त्याने रद्द होत नाही, पण वारे कुठून वाहते ते कळते. ज्या देशात विमा नसलेल्या माणसाला इस्पितळाचे बिल पाहून घाम फुटतो, आणि जिथे मावशींसारख्या बाईला उत्पन्न पाहून फी घेणारे केंद्र शोधत फिरावे लागते, त्या देशाची आरती आम्ही ओवाळणार नाही. एवढेच सांगतो, की हक्क आहे तोवर तो मागा. परदेशात असलेल्या आपल्या बायकांनो, खिडकीवर ‘मराठी’ म्हणा. थांबायला सांगतील, थांबा. सून, मुलगा, नवरा, मंडळातल्या ओळखीच्या ताई, सगळ्यांना बाहेर बसवा. ‘आपल्यामुळे त्यांना त्रास’ असला संकोच बाळगू नका. काळ्या बायकांनी आणि मेक्सिकन बायकांनी त्याची किंमत आधीच मोजली आहे.

आता इकडे या. मावशींना इंग्रजी येत नव्हते, तरी परक्या देशातल्या नर्सने त्यांना सगळे समजावले. गावाकडचा डॉक्टर मराठीच होता. त्याने दोन मिनिटे दिली. बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारी समितीने ऊसतोड करणाऱ्या सुमारे ८२ हजार बायकांची पाहणी केली, त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. त्यांच्यात आणि डॉक्टरांत भाषेची कोणती अडचण होती? दोघेही मराठीच बोलत होते. ‘कॅन्सर होईल’ हे मराठीतच सांगितले गेले होते. मेळघाटातल्या कोरकू बाईला, नंदुरबारच्या पावरी बोलणाऱ्या बाईला, भामरागडच्या माडिया बाईला तर खरोखरच दुभाषी लागतो. ते काम आशाताई करते, मिळेल त्या मानधनात, आणि तीही नसेल तर शाळेत जाणारी पोर करते. कॅलिफोर्नियात जे निकडीच्या प्रसंगापुरते उरले आहे, ते इथे रोजचे आहे.

कायदा नाही, असे कुणी सांगू नये. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने देविका बिस्वास प्रकरणात नसबंदीच्या शिबिरांवर आसूड ओढला. बाईला समजेल अशा भाषेत सगळे समजावून सांगा, असा आदेश दिला. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी बिलासपूरजवळ एका शिबिरात ८३ बायकांची नसबंदी उरकली गेली होती आणि त्यांतल्या डझनाहून अधिक दगावल्या होत्या. आदेश आहे, पण त्यामागे पैशाची अट नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून खासगी रुग्णालयांना सरकारी पैसा जातो. १९६६चा धडा साधा आहे. ज्या रुग्णालयात संमती रुग्णाच्या भाषेत समजावल्याची नोंद नाही, त्याचे बिल थांबवा. एक तिमाही थांबवून पाहा, कोरकू बोलणारी माणसे कुठून सापडतात ते!

आणि थोडे आपल्या चळवळीलाही. ब्लॅक पँथरवाल्यांनी १९७० साली आपल्या प्रत्येक शाखेला मोफत दवाखाना उघडायचे फर्मान काढले होते. दोन वर्षांनी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव घेतले, आवेश घेतला, साहित्य तर असे दिले की मराठी भाषा हादरली. दवाखाना मात्र घेतला नाही. त्या काळच्या पोरांवर पोलीस आणि गुंड यांचा मार किती होता हे आम्ही जाणतो, त्यांना दोष देणार नाही. पण आज आपल्याकडे डॉक्टर मुली आहेत, नर्स आहेत, एमएसडब्ल्यू झालेली पोरे आहेत, परदेशात डॉलर कमावणारे बांधव आहेत. जयंतीच्या डीजेचा एक वर्षाचा खर्च बाजूला काढला तर तालुक्याच्या दवाखान्यात बाईच्या बाजूने उभी राहणारी एक पगारी दुभाषी बसते. परदेशातल्या आपल्या संघटनांनी दुभाष्याचे रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या मराठी बायका तयार केल्या, तर पुढच्या वेळी वीस मिनिटेही लागणार नाहीत आणि ‘विटाळ’ही ऐकावा लागणार नाही.

आम्ही परत आल्यापासून एक शब्दसंग्रह जमवतो आहोत. धुपणी, अंगावर लाल जाणे, मायांग बाहेर येणे, कंबर धरणे, पोटात गोळा उठणे. वऱ्हाडात एक म्हणतात, मराठवाड्यात दुसरे. डॉक्टरच्या पुस्तकात यांतला एकही नाही. आतापर्यंत शंभरावर शब्द झाले आहेत. पाळीसाठीच्या शब्दांत ‘विटाळ’ आणि ‘कावळा शिवला’ ठेवायचे की नाही, यावर मागच्या बैठकीत वाद झाला. तरुण मुली म्हणाल्या, गाळा. दोघी-तिघी म्हाताऱ्या म्हणाल्या, डॉक्टरला कळायला तर हवेत, ठेवा, पण समोर लिहा की हा शब्द बाईला आवडत नाही. पुढची बैठक दुसऱ्या रविवारी बुद्धविहारात आहे. आपापल्या गावचे शब्द घेऊन या.

जयभीम.